सुभद्राबाईची पक्की नोकरी

निजामाची अमदानी होती तेव्हाची गोष्ट. धर्मापुरीच्या आसपासच्या दहा-बारा वाड्यांत कुणी बाई अडली, की सुभद्राबाई सुईणीच्या दाराशी गाडी येऊन थांबायची. पिकलेल्या साली लोक ज्वारी द्यायचे, खण द्यायचे, एखादा लुगडंही नेसवायचा. दुष्काळात लेकरं जन्मायचीच, पण देणाऱ्याच्याच घरात काही नसायचं. त्यात तिच्या नवऱ्याचे, सटवाचे, डोळे गेले आणि घर तिच्या एकटीवर आलं.

तालुक्याला सरकारी दवाखाना निघाला. तिथल्या डाक्टरसाहेबांनी एकदा तिला पायाळू मूल सोडवताना पाहिलं आणि नोकरी देऊ केली. महिन्याला निजामी शिक्क्याचे आठ हाली रुपये, आवारातच खोली, म्हातारपणी वजीफा, म्हणजे पेन्शन. अट एकच होती. परवानगीशिवाय आवार सोडायचं नाही. सहा महिने काम पाहून मग नाव पक्कं होणार होतं.

आठवडाभर तिचं मन खाली-वर होत राहिलं. सटवाला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय, दोन टाइम भाकर मिळाली की झालं. पर तुला असं बांधून ऱ्हाणं जमंल का?"

जमेल, असं म्हणून तिनं बिऱ्हाड हलवलं.

दवाखान्यात बाळंतिणी फारशा येतच नव्हत्या. पुरुष डाक्टरच्या दारात यायला बाया लाजायच्या. सुभद्राबाई पट्ट्या धुवायची, पाणी उकळायची. पण सटवाच्या अंगावर मांस चढलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिला उद्याची काळजी न करता झोप लागू लागली. हे तिनं कधी नाकारलं नाही.

नोकरीच्या पाचव्या महिन्यात, भर दुपारी, कय्युम तट्टू पिटाळत आला. हा सीताफळं विकणारा. त्याच्या बायकोची, हाफिजाची, तिन्ही बाळंतपणं सुभद्राबाईनंच केलेली. या खेपेला मूल आडवं आलं होतं. साहेब जत्रेतल्या दवापाण्याच्या बंदोबस्ताला गेलेले. मागं राधाकिशन कंपौंडर होता. बाईलाच इकडं घेऊन या, म्हणाला. कय्युम म्हणाला, तिला गाडीत घालण्यासारखी गत राहिली नाही. मग राधाकिशन सुभद्राबाईकडं वळून शांतपणे बोलला, "जायचं तर जावा, मावशी. मी गैरहजेरी लावीन. तुमचं नाव अजून पक्कं न्हाई, तेवढं ध्यानात ठेवा."

तिनं खोलीकडं पाहिलं. सटवा उंबऱ्यावर ऊन खात बसला होता. तिनं कय्युमला सांगितलं, हाफिजाला डाव्या कुशीवर निजव, कळ आली तरी जोर करू देऊ नको, साहेब आले की मी निघतेच. कय्युमनं ऐकून घेतलं. हुज्जत घातली नाही. "बरं, मावशी," म्हणाला आणि तट्टू वळवलं.

साहेब दिवस कलताना आले. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, अशा वेळी कसली परवानगी? जायचं होतं की!" त्यांनी स्वतःचा टांगा दिला.

ती पोचली तेव्हा मूल गेलं होतं, कापडात गुंडाळून ठेवलं होतं. मुलगा होता. हाफिजा वाचली होती, पण तोंड पांढरंफटक पडलेलं. सुभद्राबाईनं तिचं पोट चोळलं, कापडं बदलली. रडायचीही तिला चोरी वाटली. मग हाफिजाच म्हणाली, "तुमचं पगाराचं काम हाय, मावशी. आमाला समजतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुभद्राबाईला पुढं कितीदा तरी वाटलं.

महिन्याभरानं तिचं नाव पक्कं झालं. साहेबांनी पेढा दिला. तो तिनं सटवाच्या हातावर ठेवला, स्वतः खाल्ला नाही.

चौथ्या साली सटवा तापानं गेला. ज्याच्यासाठी पगार धरला होता तोच उरला नाही, म्हणून ती राजीनामा द्यायचा ठरवून वाडीला जाऊन आली. तिचं जुनं घर अजून उभं होतं. बाया पाणी घेऊन आल्या, मायेनं बोलल्या. मधेच कुणीतरी सांगितलं की गीताबाई म्हणून नवी सुईण आली आहे, हात हलका आहे, कधीही हाक मारा, लगेच येते. मागच्या साली हाफिजाला तिनंच सोडवलं, मुलगी झाली.

"चांगलं झालं," सुभद्राबाई म्हणाली. तिला ते खरंच चांगलं वाटलं.

संध्याकाळच्या आत ती तालुक्याला परतली, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला तिनं पट्ट्या भिजत घातल्या.