कर्नलसाहेबांची पाठ

मातीचा पुतळा साच्यात जाण्याआधी कोल्हापूरचे मूर्तिकार घरच्यांना बोलावून घेतात. माणूस ओळखू येतो का बघा, म्हणतात. एकदा ब्राँझ ओतलं की नाकाचा शेंडाही हलवता येत नाही. म्हणून सरोजिनीताई सकाळीच मूर्तिकाराच्या कारखान्यात येऊन बसल्या होत्या. पुतळा त्यांच्या वडिलांचा होता. एकाहत्तरच्या लढाईत सीमेवरचं ठाणं सांभाळणारे कर्नल अंबादास, ते हेच.

गडहिंग्लजकडच्या त्यांच्या गावानं स्मारक समिती नेमली होती, आणि समिती म्हटली की उत्साहाला धरबंध राहत नाही. अध्यक्ष बाळासोंना आधी घोडा हवा होता. साहेब पायदळात होते हे सांगून सांगून मूर्तिकाराचा घसा बसला तेव्हा कुठं घोडा गेला. उगारलेला हात मात्र राहिला, आणि चौथऱ्यावर कोरायचं वाक्यही ठरलं: ‘ज्यांना माघार ठाऊक नव्हती’.

ते वाक्य वाचल्यापासून ताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाबांनी माघार घेतली होती! ठाणं सोडायचं नाही असा वरून हुकूम असताना ते आपली तुकडी घेऊन मागे आले होते. त्यावरून चौकशी झाली, बढती रखडली. वारण्याआधी त्यांनी हे फक्त लेकीला सांगितलं. आज ज्या गावानं त्यांचं नाव चौकाला दिलं, ते उद्या त्यांना पळपुटा म्हणायलाही कमी करणार नव्हतं. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार?

त्यात बाळासोंनी हौसेनं गारगोटीहून गुंडू आजोबांना गाडीत घालून आणलं. साहेबांच्या तुकडीतले तेवढेच एक आता हयात होते. हे माघारीचं बोलून गेले तर, या विचारानं ताई उठून उभ्या राहिल्या.

आजोबा पुतळ्याभोवती फिरले, मागे गेले आणि तिथंच उभे राहिले.

“वळखलासा न्हवं?” बाळासोंनी ओरडून विचारलं.

“तोंड बरं हाय. पाठ न्हाय जमली. जरा रुंद करा की.”

मूर्तिकार हसला. “पाठ कोण बघतंय, आजोबा? मागं भिंत येणार हाय.”

“आमी तीच बघितली.” आजोबांचा आवाज खाली गेला. “दुश्मन धा पटीनं जास्त. ठाणं सोडून आमी मागं निघालो. साहेब समद्यांच्या शेवटी, तोंड दुश्मनाकडं. वळून बघितलं की त्यांची पाठच दिसायची. ती दिसंस्तोवर भ्या वाटायचं न्हाय.”

बाळासोंचा चेहरा पडला. “ठाणं सोडून? ताई, म्हातारपणी कायतरी बरळत्यात, व्हय न्हवं?”

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. वाक्य राहिलं असतं, बाबांचं नाव राहिलं असतं. गुंडू आजोबा तेवढे खुळे ठरले असते. आजोबा ताईंकडे बघत होते.

“नाही,” ताई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना. “ते खरं सांगतायत. बाबांनी हुकूम मोडून माघार घेतली होती.”

बाळासो मटकन स्टुलावर बसले.

“मग आता चौथऱ्यावर लिवायचं तरी काय?” शेवटी त्यांनी कुरकुरत विचारलं.

“माझं नाव लिवा,” गुंडू आजोबा म्हणाले. “आन् माझ्या पोरांची, नातवंडांची. जागा पुरंल तितकी.”