शेवटची बावीस पानं

"कुणी विचारलं नाही, तर सांगू नकोस. पण विचारलं, तर खोटं बोलू नकोस. दे शब्द."

सिदिक आगाय, म्हणजे शाळेतले सिदिक मास्तर, हे म्हणाले तेव्हा असिलकान तेरा वर्षांची होती आणि तिच्या बोटांना शाई लागलेली होती. तिने मान हलवून शब्द दिला. पुढे तीस वर्षांत कुणी काही विचारलंच नाही. आगाय जाऊनही आता सोळा वर्षं झाली होती. दिलेला शब्द बाजरीच्या पोत्यात पडलेल्या सुईसारखा कुठेतरी तळाशी जाऊन बसला होता.

आणि मग बुधवारी दुपारी नारिन शहराच्या थिएटरात 'नऊ घाटांचं राज्य' या पुस्तकांवरचा तिसरा, शेवटचा सिनेमा लागला.

असिलकानच्या शेजारी तिची शाळेपासूनची मैत्रीण उल्कान सगळा वेळ गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसली होती. नावाड्याने राजकन्येच्या भावाला नवव्या घाटापलीकडे नेलं, नाव धुक्यात शिरली, राजकन्या इल्वा दिवा घेऊन काठावर उभी राहिली. पडद्यावर नुसतं धुकं, आणि मग दिवे लागले. नावाडी परत आलाच नाही.

घरी येईपर्यंत उल्कान फोनवर काहीतरी लिहीत होती. चहाची पहिली वाटी पोटात गेली आणि तिला कंठ फुटला.

"नावाडी बघितलास, एजे? ना दाढी, ना मिशी. जणू स्वतःच्या लग्नाला निघालाय. असल्या हातांनी कुणी वल्हं मारतं?"

असिलकान तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून नात्याची नसूनही एजे, थोरली बहीण. ती तळलेल्या बोरसोकचा तुकडा जॅममध्ये बुडवत नुसतं हसली.

"आई, पहिल्या सिनेमात घोडा काळा होता म्हणून तू दोन महिने जेवताना तेच बोलत होतीस," उल्कानची मुलगी मीरिम म्हणाली.

"घोडा करडाच होता."

"दुसऱ्यात म्हातारीची गाणी कापली म्हणून आणखी दोन महिने."

"कापलीच की. पण सोडून दिलं ना मी? घोडा सोडला, गाणी सोडली. म्हटलं, सिनेमावाल्यांना दोन तासांत बसवायचं असतं. पण नावाडी परत येतो, हे कसं सोडू?"

"रशियन पुस्तकातही तो परत येत नाही. मी वाचलंय."

"रशियनवाल्यांनी कापलं असेल."

"आणि बाकी सगळ्या जगानेही?"

"तू चहा ओत."

मीरिमने ओतला. उल्कानने फोन पुढे सरकवला. नऊ घाटांच्या चाहत्यांचा तिचा एक गट होता, तीनशेच्या वर माणसं. त्यांच्या नावाने तिने वाटेतच सिनेमा कंपनीला लांबलचक पत्र लिहून काढलं होतं, आणि ते इंटरनेटवर सगळीकडे टाकणारही होती.

"पुरावा हवा फक्त. आगायांनी किरगिझमध्ये सांगितलं, त्याची वही तुझ्याकडे आहे. शेवटच्या पानाचा फोटो जोडते, मग बघू काय बोलतात ते." एवढं बोलून ती थांबली. मुलीकडे न बघता हळूच म्हणाली, "एजे, वही तर तूच उतरवलीस. पुस्तकात तसंच होतं ना?"

असिलकानने वाटी खाली ठेवली.

"उद्या येते वही घेऊन. तोवर पत्र पाठवू नकोस."

"का गं?"

"मी म्हणते म्हणून."

उल्कानने फोन पालथा ठेवला.

गुरुवारी असिलकानचा उपास असे. सोमवार आणि गुरुवार, गेली कित्येक वर्षं. उपास धरून तोंडातून खोटं काढायचं म्हणजे नुसतं उपाशी राहणं, असं तिची आई म्हणायची. सकाळची कामं आवरून तिने पेटीतून फडक्यात बांधलेली वही काढली. वहीखाली पाचवा खंड होता, रशियन, मागचा पुठ्ठा नसलेला.

तीस वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात गावात वीज नसे. शाळा सुटल्यावर आगाय शेगडीभोवती पोरं जमवून नऊ घाटांची पुस्तकं वाचायचे. डोळे रशियन ओळींवर, आणि तोंडातून किरगिझ. चार खंड असे झाले. पाचवा त्यांना बाजारात मिळाला, सूर्यफुलाच्या बिया विकणाऱ्या बाईकडे. ती मागून एकेक पान फाडून पुड्या बांधत होती. नाव धुक्यात शिरते तिथे पुस्तक संपत होतं.

पोरांना हे कळलंच नाही. आगायांनी उरलेलं पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि शेवटपर्यंत गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी तीच असिलकानला उतरवायला दिली, तेव्हा तिने पुस्तक पाहिलं.

"आगाय, पुढची पानं?"

"बावीस होती. त्यांतून लोकांनी बिया खाल्ल्या," ते म्हणाले. आणि मग तिच्याकडून शब्द घेतला.

त्याच हिवाळ्यात डोलोनच्या खिंडीत उल्कानच्या वडिलांचा ट्रक बर्फाखाली गेला होता. अकरा वर्षांची ती पोर वडिलांचं नाव काढत नसे. रोज एवढंच विचारायची, "आगाय, नावाडी परत येतो ना?"

असिलकानने शेवटचं पान उघडलं. *पहाटे काठावर वल्हं टेकल्याचा आवाज झाला. इल्वाने दिवा विझवला. आता त्याची गरज नव्हती.* खाली आगायांच्या हातची बारीक ओळ: वाचून दाखवलं, २० मार्च.

ही तारीख तिने आजवर कधी नीट वाचली नव्हती. २० मार्च. नूरुझचा, नव्या वर्षाच्या सणाचा, आदला दिवस. आईने रोट्यांची परात देऊन तिला उल्कानच्या घरी धाडलं होतं, तिचे वडील गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला. आगायही पंगतीत होते. पाहुणे उठल्यावर ते उल्कानचा हात धरून तिला शाळेत घेऊन आले होते, आणि त्याच दुपारी गोष्ट संपली होती.

असिलकानने वही मांडीवर घेतली. काल रात्रभर तिला वाटत होतं, आपण उल्कानच्या हातातलं काहीतरी काढून घ्यायला निघालो आहोत. सगळ्या जगाने वाचला तो शेवट दुसराच होता, हे खरं. सिनेमावाल्यांची काही चूक नव्हती, हेही तिला सांगावं लागणार होतं. पण हा शेवट जगासाठी लिहिलेलाच नव्हता. तो एका पोरीसाठी होता, आणि तिला ते अजून ठाऊक नव्हतं.

फोन वाजला. उल्कानचा निरोप होता: "एजे, येतेस ना? पत्र तसंच ठेवलंय. मीरिम हसतेय मला."

असिलकानने दुपारचा नमाज पढला. नंतर हात पसरून आगायांसाठी दुआ मागितली, रोजच्यापेक्षा थोडी लांब. वही आणि फाटकं पुस्तक, दोन्ही एकाच फडक्यात बांधली. रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट केली, दाराला कडी लावली, आणि नदीच्या कडेकडेने उल्कानच्या घराकडे चालू लागली.