दारापाशी प्लगची एक जागा

त्या सौद्यात ऑर्विल थिबोडोला काय काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. चोवीस आठवडे लुंडेल नावाचा गोलकीपर. शेवटचे सहा आठवडे नेस्टर डेरकाच. आणि या दोघांच्या जिवावर संघ बाद फेरीत पोचला, तर मालकीणबाईंकडून तीन वर्षांचा नवा करार. पोचला नाही, तर एकसष्टाव्या वर्षी हातात एक घड्याळ आणि निरोपाचा केक. जाणार काय होतं? त्याच्या हिशेबाने काहीच नाही, आणि त्याचा हिशेब सहसा चुकत नसे, कारण तो मी तपासत असे.

मी पोर्टर क्रॉसिंग बॅजर्स या आइस हॉकी संघाचा पगारपत्रकवाला. एकोणीस वर्षं झाली. मला इथे कोणी नावाने हाक मारत नाही, पेन्सिल म्हणतात. ज्याला टोपणनाव पडलं नाही तो अजून गावात आलाच नाही, असं आमच्या रिंकवर धरतात. संघ बांधणारा मॅनेजर थिबोडो, तो टिबो. अकरा वर्षं आमच्याकडे गोल मारणारा डेरकाच, तो डर्की. मालकीणबाईंना मात्र मिसेस लोएप्की. गावातली निम्मी गव्हाची कोठारं त्यांची आहेत, त्यामुळे कोणाची जीभ तिथे तोकडं नाव ठेवायला धजली नाही.

लीगने पगारावर जी मर्यादा घातली आहे तिला सगळे टोपी म्हणतात. वर्षाला बारा लाख डॉलर, लहान गाव असो की मोठं, सगळ्यांना एकाच मापाची. तुमचं डोकं मोठं असेल तर डोकं कापायचं, टोपी उसवायची नाही. मग संघ बांधायचा तो अदलाबदलीने: आपला नको असलेला पगार दुसऱ्याच्या डोक्यावर, त्याचा हवा असलेला माणूस आपल्याकडे. थोडक्यात, टोपीच्या आत राहून एकमेकांना टोपी घालायची. टिबो त्यातला उस्ताद.

ऑक्टोबरात आमचा पगार होता अकरा लाख शहाऐंशी हजार. शिल्लक चौदा हजार. टिबोला हवा होता तो गोलकीपर लुंडेल, त्याचा पगार शहाण्णव हजार. डर्कीचे होते एक लाख दहा, आणि सप्टेंबरात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, नाताळापर्यंत तो बर्फावर उभाही राहणार नव्हता. टिबो सूर्यफुलाच्या बिया फोडत माझ्या टेबलापाशी आला, टरफलं माझ्याच कपात टाकली आणि म्हणाला, "पेन्सिल, फ्लिंट लेकचं काय चाललंय?"

"नेहमीचंच. कंजूषपणा."

"किती कंजूषपणा?"

"आठ लाख वीस हजारांचा."

तो हसला. टोपीला जसं वरचं माप, तसं खालचंही असतं. नऊ लाखांच्या खाली संघ चालवला की दंड. फ्लिंट लेकला खेळणारा माणूस नको होता, खर्च दिसणारा हवा होता. आमचा लंगडा त्यांना देवासारखा.

संध्याकाळपर्यंत डर्की फ्लिंट लेकला गेला. बदल्यात काय, तर कागदावर ते इकडे नेहमी जे लिहितात तेच: पुढचं पुढे बघू. खेळाडू देऊन आत्ता काही घ्यायचं नसेल तर हेच शब्द घालतात, आणि बहुतेक वेळा पुढचं कधी येत नाही. परत देण्याचा करार आधीच ठरवणं लीगमध्ये गुन्हा आहे, म्हणून टिबोने काही ठरवलं नाही. फोनवर नुसतं म्हणाला, "जून, बर्फ वितळायच्या आधी बोलू." फ्लिंट लेकची मॅनेजर जून फ्रीसन म्हणाली, "तुझ्याशी बोलताना मी पाकीट लपवून ठेवते, टिबो." एवढंच.

डर्कीला मात्र कोणी विचारलं नाही. कुबड्या घेऊन तो सामान न्यायला आला तेव्हा टिबो त्याला बोळात भेटला.

"बॉस, माझं काय?" डर्कीने विचारलं.

टिबोने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "पुढचं पुढे बघू."

लुंडेलला घेऊन आमचे झाले अकरा लाख बाहत्तर. शिल्लक अठ्ठावीस हजार. आता टिबोचं डोकं बघा: हंगाम चोवीस आठवड्यांचा, अदलाबदलीची मुदत फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी दुपारी तीनला, त्यानंतर उरतात सहा आठवडे. डर्कीच्या पगाराचा चौथा हिस्सा साडेसत्तावीस हजार. म्हणजे गोलकीपर पूर्ण हंगाम, आणि बरा झालेला डर्की ऐन वेळेला, अठ्ठावीस हजारांच्या आत. अठरा आठवड्यांचा त्याचा औषधपाण्याचा काळ फ्लिंट लेकने पोसायचा. हा हिशेब मी तीनदा तपासला. अर्धं कौतुक, अर्धी असूया.

फेब्रुवारीचा तो मंगळवार उजाडला तेव्हा आमचा गोलकीपर भिंत होता आणि पुढची फळी चिखल. सात सामन्यांत नऊ गोल. बाद फेरीची शेवटची जागा दोन गुणांनी लांब. मिसेस लोएप्की सकाळी येऊन गेल्या. "मिस्टर थिबोडो, मला गव्हाचं कळतं, हॉकीचं नाही. पण पीक कधी कापायचं ते कळतं," एवढं म्हणून हातमोजे घातले आणि निघाल्या.

टिबोला घाम फुटला नाही. त्याने जूनला फोन लावला. पुढच्या वर्षीच्या नव्या मुलांच्या निवडीतला आमचा दुसरा क्रमांक तिला, डर्की आम्हाला. जून म्हणाली, "पहिला दे."

"लंगडा दिला तेव्हा तू काय दिलंस?"

"लंगडा होता तेव्हा जेवायला घातलं. आता तो पळतो. गेल्या महिन्यात अकरा गोल."

"दुसरा, आणि आमच्या रिंकवर तुला बटाटा भरलेल्या पेरोगी फुकट."

"आंबट क्रीमसकट?"

"आंबट क्रीमसकट."

एक वाजून चाळीस मिनिटांनी कागद लीगच्या कचेरीत गेला. माझ्या वहीत शिल्लक सत्तावीस हजार सहाशे चाळीस होती. मधल्या काळात एका पोराला दोन सामन्यांना बोलावलं होतं, त्याचे तीनशे साठ गेले होते. डर्की घेऊन एकशे चाळीस डॉलर उरत होते. मी पेन्सिल कानावर ठेवली. दोन वाजता कचेरीतल्या मॉरीनचा फोन आला.

"अरे पेन्सिल, हे होत नाही. तुमचं गाव त्याच्या यादीत आहे."

आठ वर्षं खेळलेल्या माणसाला आमच्याकडे एक हक्क मिळतो. दर सप्टेंबरात तीन गावांची नावं द्यायची, तिथे त्याच्या सहीशिवाय त्याला धाडता येत नाही. करार कुठेही गेला तरी यादी बरोबर जाते. माणूस बाहेर धाडताना जो तो यादी बघतो. आपल्याच घरी आणताना कोण बघतो? टिबोने बघितली नव्हती. मी बघितली होती, आणि हसलो होतो. सप्टेंबरात डर्कीने कागद माझ्याच टेबलावर भरला होता. दोन नावं पार उत्तरेची, जिथे फक्त विमान जातं. तिसरं पोर्टर क्रॉसिंग.

"अरे, तू इथेच आहेस की," मी तेव्हा म्हटलं होतं.

"तिसरं सुचेना," तो म्हणाला होता. आणि मी कागद फाइलला लावला होता.

आता फाइल टिबोच्या हातात होती. त्याने तो कागद वाचला, उलटा करून वाचला, मग बियांची पिशवी बाजूला ठेवली. एकोणीस वर्षांत ती पिशवी मी त्याला खाली ठेवताना पहिल्यांदा पाहिली.

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं गंमत आहे."

"त्याची गंमत मला तीन वर्षांना पडणार आहे, पेन्सिल. लाव फोन."

डर्कीने चौथ्या घंटेला उचलला. मागे टीव्ही चालू होता. अठरा आठवडे तो फ्लिंट लेकच्या मोटेलात राहत होता, बायको इथे शाळेत शिकवत होती, दोन मुली इथेच. त्याला यायचं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण यायचं असणं आणि सही करणं या दोन वेगळ्या रकमा आहेत.

टिबो गोड आवाजात म्हणाला, "डर्की, बाळा, चल घरी."

"कोण बोलतंय?"

"नाटकं नकोत. एक सही हवी आहे."

"बॉस, ऑक्टोबरात तुम्ही मला बोळात काय म्हणालात, आठवतं?"

टिबोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पुढचं पुढे बघू, म्हणालात. ते पुढचं आज आलंय. दोन वाजून दहा झालेत."

"माझ्याकडे एकशे चाळीस डॉलर आहेत, डर्की. खरंच. पेन्सिलला विचार."

"एकशे चाळीस," मी म्हटलं.

"पैसे नकोत मला." टीव्ही बंद झाला. "अकरा वर्षं मी गाडी त्या टोकाला, कचऱ्याच्या डब्यापाशी लावतो. उणे तीसमध्ये तीन तास सराव, मग टोकापर्यंत चालायचं, मग इंजिन चालूच होत नाही, मग कोणाकडून तरी केबल लावून घ्यायची. गुडघा कशाने गेला असं वाटतं तुम्हाला? मला दारापाशी प्लगची जागा हवी."

आमच्या आवारात इंजिन गरम ठेवायचे प्लग दोनच. दोन्ही खेळाडूंच्या दाराला लागून. त्या दोन खांबांची किंमत लुंडेलपेक्षा जास्त आहे असं मी नेहमी म्हणतो. नंबर एकच्या खांबावर टिबोचं नाव, पितळी पाटीवर. टिबोचा चेहरा मी पाहिला आणि मला आतून उकळ्या फुटायला लागल्या. जन्मभर दुसऱ्याच्या डोक्यावर टोपी बसवणारा माणूस उद्या कचऱ्याच्या डब्यापासून चालत येणार होता.

"प्लग म्हणजे पगार धरतील," टिबो म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती.

मी ती आशा तिथेच मोडली. स्वतःहून मॉरीनला दुसरा फोन लावला. ती म्हणाली, "डॉलरमध्ये काय पडतं?"

"सहा आठवड्यांची वीज. एकसष्ट."

"मग एकसष्ट लिही आणि मला जेवू दे."

एकशे चाळीसमधून एकसष्ट. एकोणऐंशी डॉलर शिल्लक, टोपी जागेवर. कागद मीच लिहिला, आणि चांगला लिहिला. जागेचा नंबर मुद्दाम घातला नाही. नंबर आला की कचेरी नकाशा मागते, नकाशा आला की शिक्का मागते, आणि तीनला बावीस मिनिटं होती. 'खेळाडूंच्या दारापाशी प्लगची एक जागा,' एवढंच. टिबोने न वाचता सही केली, मग एकदा वाचला, मग पिशवीतून एक बी काढून शांतपणे फोडली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. डर्कीने मोटेलात सही करून फोटो धाडला. दोन बावन्नला मॉरीनने शिक्का मारला.

दुसऱ्या सकाळी उणे एकोणतीस. मी आवारात वळलो तर नंबर एकमध्ये टिबोची गाडी, वायर लावलेली, आरामात. नंबर दोनमध्ये डर्कीची पिकअप. नंबर दोन माझा होता. सोळा वर्षांपासून.

टिबो दारात कॉफी घेऊन उभा होता.

"ही माझी जागा आहे," मी म्हटलं.

"होती."

"डर्कीने तुझी मागितली होती."

"डर्कीने दारापाशी मागितली. कागद कोणी लिहिला? 'एक जागा.' एक म्हणजे नंबर एक, असं त्यात कुठे आहे? दाखव." त्याने दार माझ्यासाठी उघडं धरलं. "फार सुंदर लिहिलास, पेन्सिल. मी पण इतका मोकळा सोडला नसता."

आतून डर्की आला, गुडघ्याला पट्टी, तोंडात टोस्ट. "थँक यू हं, पेन्सिल. बॉस म्हणाले, तू स्वतःहून दिलीस."

मी गाडी डब्यापाशी नेऊन लावली.

खेळाचं सांगायचं तर डर्कीने सहा आठवड्यांत चौदा गोल मारले. शेवटचा सामना आमच्याच बर्फावर, जिंकलो तर बाद फेरी. त्यात तीन त्याचे. एका माणसाने एका सामन्यात तीन मारले की लोक डोक्यावरच्या टोप्या काढून बर्फावर फेकतात, आणि फेकलेली टोपी परत मिळत नाही. तिसरा गोल पडला तेव्हा मी वरच्या खोलीत मिसेस लोएप्की आणि टिबोच्या मधे उभा होतो. टिबोने हात वर नेला, पण माझ्या डोक्याकडे. त्याची टोपी त्याच्या डोक्यावरच राहिली. माझी मात्र फिरत फिरत खाली गेली.

"मिस्टर थिबोडो, तुमचा उत्साह मला आवडतो," मिसेस लोएप्की म्हणाल्या आणि पर्समधून नव्या कराराचा कागद काढला.

हंगाम संपला तसा मी हिशेब बंद केला. टिबो: जमा तीन वर्षं, खर्च काही नाही. जून फ्रीसन: जमा दंडातून सुटका, निवडीतला दुसरा क्रमांक आणि पेरोगीच्या दोन थाळ्या. खर्च डर्कीच्या अठरा आठवड्यांचे साडेब्याऐंशी हजार. डर्की: जमा घर आणि प्लग. खर्च मोटेलातले अठरा आठवडे. मिसेस लोएप्की: लीगच्या टोपीच्या आत एकोणऐंशी डॉलरनी. गाव: तीनशे अठरा टोप्या, बर्फ साफ करणाऱ्यांनी मोजलेल्या, त्यातल्या तीनशे सतरा खुशीने फेकलेल्या.

उरलेली एक, चोवीस डॉलर. थंडीने मेलेली गाडीची बॅटरी, एकशे चौऱ्याऐंशी. एकूण दोनशे आठ डॉलर. लीगच्या टोपीत धरले जात नाहीत. भरणारा: मी.