ठकूचं नाही

मी रचलेल्या ऑपेरातली बाई ऐन लग्नात उभी राहून “नाही” म्हणते आणि पडदा पडतो. ते दोन सूर मी माझ्या लेकीकडून, ठकूकडून उचललेत. बोलायला लागली तेव्हा दुधाचा पेला दिसला की मान फिरवून ती म्हणायची, “नाऽही.” ‘ना’ वर, ‘ही’ धाडकन खाली, जिन्याची पायरी चुकावी तशी.

ऑपेरा एकदाच झाला. मग वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले, “त्याचा स्वीट करून द्या. गाणारे नकोत, नुसत्या वाद्यांसाठी चार तुकडे.” ठकूच्या दुपारच्या झोपेत, मिक्सरसुद्धा न लावता, मी तो केला. त्या बाईचा गळा ओबोला, सनईसारख्या त्या विलायती वाद्याला, देताना हात अडखळला. तरी दिला.

आज ठकूला कडेवर घेऊन तालमीला गेले, तर शेवटी लग्नाचा नाच! आणि त्याच्यापुढचं “नाही” गायब.

“सर, माझा शेवट कुठंय?”

“काढला. नाचावर संपवू, लोक खुशीत घरी जातील. स्वीट म्हटल्यावर गोडच हवं की!” स्वतःच्याच विनोदावर ते हसले.

“अहो, तुम्ही तिचं लग्न लावून मोकळे झालात!”

“कोणाचं? यात शब्दच नाहीत. कोणाला कळणार?”

“मग तुम्हाला का सलले ते दोन सूर?”

वादकांनी माना खाली घातल्या. संचालकांचा आवाज एकदम मऊ झाला. “हे बघा, लहान मूल आहे पदरात, दमला असाल. नाचावर संपवू. नाहीतर स्वीट राहू दे.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ऑपेरात सगळं घर त्या बाईला हेच ऐकवतं: दमली आहेस, ऐक. ती वाक्यं मीच लिहिली होती.

ठकू चुळबुळ करू लागली तसं त्यांनी तिच्यापुढे बिस्कीट धरलं. “ही बघा, शहाणी मुलगी.”

ठकूने मान फिरवली. “नाऽही.”

“राहू दे मग,” मी म्हणाले, आणि एका हाताने एकेका स्टँडवरची माझ्या स्वीटची पानं उचलत सुटले. कोणी अडवलं नाही. ओबोवाल्या बाईंनी आपलं पान स्वतःच माझ्या हातात दिलं. मी दारापाशी पोचले तेव्हा मागून त्यांचा ओबो वाजला. दोनच सूर, वरचा आणि खालचा. संचालकांची छडी खाडकन स्टँडवर आपटली.

जिन्यात ठकूने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

“आई, बिक्कीट?”

“घरी देते, राणी.” रागाने माझे दात अजून आवळलेलेच होते. तिने त्यांवर बोट ठेवून पाहिलं, आणि पानं छातीशी घट्ट धरून मी पायऱ्या उतरू लागले.