चौथी ओळ

आमच्या साहेबांना वही आवडत नाही. कागदावर कुणी काही लिहिताना दिसलं की त्यांच्या अंगावर पाल पडते. आणि ऑफिसात आम्ही ज्यांना काका म्हणतो त्यांचं सगळं आयुष्य एका निळ्या वहीत. कुठल्या मशीनला नेटवर्कवरचा कुठला पत्ता दिला, कधी दिला, का दिला, सगळं पेन्सिलीनं. बावीस वर्षं. निवृत्तीला अकरा महिने उरले होते.

तर साहेबांनी फर्मान काढलं की आता सगळं कोडमध्ये. व्हर्च्युअल मशिनी, म्हणजे एका मोठ्या संगणकाच्या पोटात चालणारे छोटे संगणक, कोडमधून उभ्या राहणार, त्यांचे पत्तेही कोडच ठरवणार. मुख्य कार्यालयातून दोघं पाहुणे येतील, त्यांना चालवून दाखवायचं, आणि नीट चाललं की काकांची जागा रद्द. हे त्यांनी काकांच्या देखतच सांगितलं, मोठ्या मनाचे ना ते! अकरा महिने कुठेतरी सामावून घ्या, असं काकांनी एकदाच म्हटलं. साहेब म्हणाले, बघू. साहेबांचं 'बघू' म्हणजे काय, ते दारावरच्या दरवानालाही ठाऊक आहे.

कोड लिहिलं मी. ज्यांनी मला या कामाचं ग म भ न शिकवलं त्यांच्याच पोटावर पाय देणारं कोड, आणि तेही अगदी हौसेनं.

प्रकार साधा आहे. मशीन सुरू झाली की पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला विचारते, मी कुठे राहू? तो पत्ता देतो, पण आठ तासांच्या मुदतीनं. मुदत संपायच्या आत मशीन पुन्हा मागते, तो पुन्हा देतो. महत्त्वाच्या मशिनींना मात्र दर वेळी तोच पत्ता मिळायला हवा, नाहीतर त्यांना शोधत येणारे भलत्याच दारात जाऊन उभे राहतात. मी चोवीस मशिनींची यादी केली आणि सांगून टाकलं, यादीत जिचा जो नंबर, तिचा तोच पत्ता. चार ओळींत काम खलास. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं.

"नंबरानं कशाला उभं करतेस? मधला एक उठला की मागचे सगळे पुढे सरकतील. नावानं हाक मार ना प्रत्येकाला."

मी म्हटलं, काका, मधलं कोण उठायला बसलंय? आणि हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पाहुणे आले, साहेबांबरोबर काचेच्या खोलीत बसले. त्या खोलीत आत जायलाही कार्ड लागतं आणि बाहेर यायलाही, ही साहेबांचीच हौस. आम्ही दोघं बाहेर आपापल्या टेबलाशी, भिंतीवरचा मोठा पडदा काचेतून बघत. ऐन वेळी साहेबांच्या अंगात आलं. यादीतली चौथी मशीन काकांची, वहीची प्रत ठेवायची. साहेबांनी काचेतून काकांकडे बोट दाखवलं, पाहुण्यांना काहीतरी सांगितलं आणि ती ओळ स्वतःच्या हातानं पुसली.

कोड चालवणारं टूल बिचारं सभ्य. त्यानं विचारलं, एक मशीन जाईल, वीस जणींचे पत्ते बदलतील, नक्की ना? साहेबांनी 'हो' टाइप केलं. वाचून बघणं हे आपल्यासारख्यांचं काम. वर सगळ्या मशिनी नव्यानं सुरू केल्या, तेवढंच भारी दिसतं.

'वीस' वाचलं आणि मी माझी यादी उघडली.

पाचवी चौथीच्या पत्त्यावर गेली, सहावी पाचवीच्या, आणि तसंच शेवटपर्यंत. दारांची कार्डं तपासणारी मशीन होती नववी. तिच्या पत्त्यावर आता दहावी, कँटीनची. म्हणजे दार विचारत होतं, या माणसाला सोडू का, आणि ते विचारत होतं चहाचे कप मोजणारीला. साहेबांनी कार्ड लावलं, लाल दिवा. शर्टाला पुसून लावलं, तरी लाल. मग पाहुण्यांनीही आपापली लावून पाहिली.

आतून साहेबांचा फोन आला. मी ओळ परत घातली. काका न बोलावता शेजारी येऊन बसले आणि वहीतून एकेक पत्ता वाचत गेले, मी पडद्यावर ताडून बघत गेले. वीस मिनिटांनी दार उघडलं. काका वही मिटून जागेवर गेले.

पाहुणे गेल्यावर मी साहेबांना सरळ सांगितलं की चूक माझी, काकांनी आधीच बजावलं होतं. ते म्हणाले, तुम्ही शिकताय, होतं असं. अहवालात त्यांनी कारण लिहिलं, 'वहीच्या काळातली जुनी पद्धत'. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी म्हटलं, दोन तास द्या, सगळं नावानिशी लिहून देते.

"चालतंय ना आता? मग हात लावायचा नाही. ती चौथी ओळ तिथंच राहू दे."

"आणि काका?"

"त्यांचा काय संबंध?"

काकांची जागा रद्द झालीच, शुक्रवारी ते घरी गेले. वही माझ्या टेबलावर ठेवली, पेन्सिलीसकट. एवढंच म्हणाले, खोडरबर संपत आलंय, नवं आण.

चौथी मशीन अजून आहे. तिच्यात काही नाही, वहीची प्रत ओळ पुसली तेव्हाच गेली, तिला काही काम नाही, तिच्या ओळीवर साहेबांनी 'काढू नये' असं लिहून ठेवलंय. मुदत संपायच्या आत ती पत्ता मागते, आणि सर्व्हर एका शब्दानं न विचारता तिला आणखी आठ तास देतो. काकांनी अकरा महिने मागितले होते, तेही एकदाच.