गादीवर चढलेला शब्द

"माझ्याच तोंडातलं आता परवानगीनं बोलू का मी? मेले गादीवाले!"

ही कुरकुर मी फार जवळून ऐकली. इतक्या जवळून, की आधी कवळीचा खटका ऐकू आला आणि मग बोलणं. कारण मी बोलणारीच्या तोंडातच होतो. मीराबाईंनी नुकतंच माझं नाव घेतलं होतं आणि मी अजून त्यांच्या जिभेवरून उतरलो नव्हतो.

मित्रांनो, दचकू नका. मी दात नाही आणि सुपारीही नाही. मी एक शब्द आहे. पाठभुई. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी मला मोबाइलवर पाहिलं असेल, एखाद्याच्या टी-शर्टवरही वाचलं असेल. पण मी जन्मलो तेव्हा मला छातीवर मिरवणारं कोणी नव्हतं. मी घरातल्या घरात वापरायचा शब्द होतो, जुन्या मऊ लुगड्यासारखा.

माझा जन्म इंदूरच्या एका अरुंद गल्लीतल्या दोन खोल्यांच्या घरात झाला. घरधनी चांगदेव वीज मंडळात लाइनमन होते. त्यांचे वडील महूच्या छावणीत फौजेत होते. त्या फौजेतली शिस्त मुलाच्या अंगात उतरली होती आणि बोलणं मात्र वाटेतच कुठेतरी सांडलं होतं. मे महिन्यात दिवसभर खांबावर चढून ते घरी येत, तेव्हा त्यांच्या खाकी सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असत.

अशाच एका दुपारी ते दारात शिरले आणि दोन्ही मुलं त्यांच्याकडे धावली. थोरल्या धम्मदीनाची शाळेची तक्रार होती, धाकट्या ज्ञानदीपला मांजा हवा होता. चांगदेवांनी सदरा काढला आणि उघड्या पाठीनं सरळ कोटा फरशीवर आडवे झाले.

मीराबाई चुलीपुढून म्हणाल्या, "थांबा रे. बाबांची पाठ भुईला लागू द्या, मग विचारा काय ते."

दुसऱ्या दिवशी हेच वाक्य जरा आखूड झालं. पावसाळा येईपर्यंत त्याचं माझ्यात रूपांतर झालं होतं. चांगदेव दारात दिसले की मीराबाई हलकेच म्हणत, "पाठभुई." की घर गप्प.

माझ्यासोबत काही नियमही जन्मले. पाठभुईतल्या माणसाला कोणी काही विचारायचं नाही. पाणी देऊ का, एवढंसुद्धा नाही. त्याला ओलांडायचं नाही, वळसा घालून जायचं. टेबलफॅनचं तोंड त्याच्याकडे करायचं. माणूस कुशीवर वळून कोपरावर उठला की नियम संपला. मग चहा. आणि गंमत सांगतो, उठलेला माणूस चहा पिता पिता आपणहूनच बोलू लागायचा. कुठली तार तुटली, कुठला साहेब ओरडला. चांगदेवांचा आवाज त्या घरानं जेवढा ऐकला, तेवढा माझ्यानंतरच ऐकला.

काय दिवस होते ते! धम्मदीनाचा गणिताचा पेपर बिघडला, ती आली आणि "पाठभुई" म्हणून आडवी झाली. मीराबाईंच्या ओठांवर दहा प्रश्न आले होते. त्या कढईत सराटा आपटत बसल्या, पण विचारलं नाही. ज्ञानदीपनं तर माझा गैरवापरही केला. काचेची बरणी फोडली की हे साहेब आधी फरशीवर! चांगदेव त्याच्याभोवती मुद्दाम पावलं वाजवत वळसे घालायचे आणि मीराबाईंना विचारायचे, "किती वेळ चालते हो ही पाठभुई? बरणीची मुदत संपली का?" उताणा पडलेला ज्ञानदीप हसू दाबताना गदगदायचा.

शेजारच्या शारदाजी मूळच्या माळव्यातल्या. मराठीशी त्यांचा संबंध मीराबाईंच्या पिठल्यापुरता. एका दुपारी त्या पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, "मीराबाई, आज मेरे को भी पाठभुई करने दो. वहाँ लेटूँ तो सास पूछेगी, बुखार है क्या." त्या दिवशी मी पहिल्यांदा उंबरा ओलांडला. कोणी हक्क विचारले नाहीत. पिठल्याच्या वाटीसारखा मी पलीकडे गेलो.

आणि चौदा एप्रिल! त्या दिवशी सगळं घर पहाटेच महूला जायचं. लांबलांबून आलेल्या लोकांना पाणी वाटायचं, सरबत द्यायचं. परत आल्यावर अख्खं कुटुंब ओळीनं फरशीवर. कोण कुणाला विचारणार आणि कोण कुणाला वळसा घालणार? त्या ओळीवरून पंख्याचं तोंड इकडून तिकडे फिरत राहायचं. मला इतकं भरल्यासारखं पुन्हा कधीच वाटलं नाही.

मग एका मे महिन्यात चांगदेव गेले. ज्ञानदीपची मुलगी संबोधी तेव्हा बालवाडीत होती. त्या दिवसापासून घरानं मला तोंडातून काढून टाकलं. कोणी ठरवलं नाही, कोणी बजावलं नाही. माणसं दमून यायची, खुर्चीवर बसायची, टीव्ही लावायची. शेजाऱ्यांना वाटलं, दुःखामुळे असेल. शारदाजींनी एकदा चुकून मला उच्चारलं, तर मीराबाई दुसऱ्याच विषयावर बोलू लागल्या.

मित्रांनो, वस्तू वापरात नसली की तिच्यावर धूळ बसते. ती पुसता तरी येते. शब्दावर धूळ बसत नाही. तो नुसता नसतो.

वर्षं गेली. संबोधी मोठी झाली, विजयनगरच्या एका कंपनीत लागली. कानाला हेडफोन लावून दिवसभर परक्यांचा राग ऐकायचा, असं तिचं काम. एका संध्याकाळी ती घरी आली, बॅग कोपऱ्यात टाकली, फरशीवर उताणी पडली आणि डोळे मिटून म्हणाली, "पाठभुई."

लहानपणी आजोबांच्या शेजारी पडून शिकलेला शब्द. ज्ञानदीपचा रिमोटवरचा हात थांबला. मीराबाईंनी लाटणं खाली ठेवलं. मी मात्र इतक्या वर्षांनी पुन्हा माणसाच्या तोंडात होतो. तिथे कॉफीचा वास होता. मला रडू आलं असतं, पण शब्दांना ती सोय नाही.

संबोधीनं पडल्या पडल्याच स्वतःचा व्हिडिओ काढला. "ये आराम नहीं है भिया, ये पाठभुई है. पंद्रह मिनट मेरे से कुछ मत पूछो." आणि तो नेटवर सोडून दिला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी गावभर झालो, मग देशभर. कॉलेजातली पोरं बागेत आडवी होऊन माझ्या नावानं ओरडू लागली. माझ्या काळी मला कुजबुजत म्हणत, हे त्यांना कोण सांगणार! राजवाड्याच्या बाजारात मी टी-शर्टांवर लोंबकळू लागलो. एका ऑफिसनं 'पाठभुई फ्रायडे' ठेवला आणि त्या दिवशी कोण किती आडवं झालं याची नोंद करायला एक बाई बसवली.

आणि मग सगळ्यांना माझा अर्थ हवा झाला. एका योगशिक्षकांनी मी म्हणजे शवासनच असं जाहीर केलं. एका प्राध्यापकांनी मला संस्कृतात नेऊन सोडलं. पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं, की हा शब्द त्यांच्या आजोळी पिढ्यानपिढ्या आहे आणि इंदूरकर तो चुकीचा वापरतात. शब्दांचे अर्थ देणाऱ्या एका संकेतस्थळावर मी 'डिजिटल थकव्यावरील देशी विश्रांती-संकल्पना' झालो. मी ते वाचलं आणि स्वतःला ओळखलंच नाही. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला हे कौतुक गोड लागलं. पण जो येतो तो थोडं घासतो आणि घासून घासून मी गुळगुळीत होत चाललो होतो.

शेवटी मी गादीवर चढलो. एका गादीच्या कंपनीनं जाहिरात काढली: 'पाठभुई. आता भुईची गरज नाही.' माझं नाव आपला ट्रेडमार्क व्हावा म्हणून त्यांनी अर्जही केला. मीराबाईंची सुरुवातीची कुरकुर होती ती याच बातमीवर.

शारदाजींचा मुलगा मनीष वकील झाला होता. पलासियाला त्याचं ऑफिस आहे, असली नावांची भांडणंच तो बघतो. रविवारी जेवणं झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन घरी आला. महूहून धम्मदीनाही आली होती. मनीषला खुर्ची दिली, बाकी सगळे फरशीवर बसले.

"आंटीजी, पहले एक बात साफ," मनीष म्हणाला. घरात त्याची भाषा अर्धी अर्धी असते. "बोलण्यावर कोणी बंदी नाही घालत. गादी-उशीवर नाव त्यांचं राहील, बस."

"मग रडायचं काय आहे?" ज्ञानदीप म्हणाला. "राहू दे ना. मिटवून टाक."

"रडायचं हे आहे, ग्यान भिया, की अर्जात त्यांनी लिहिलंय, हा शब्द त्यांच्या टीमनं नवीन बनवला. आणि त्याला कुठल्याही भाषेत काहीच अर्थ नाही. बिना अर्थाच्या शब्दावर मालकी पक्की मिळते."

"अर्थ नाही?" मीराबाई ताठ झाल्या. "ह्यांच्या पाठीचं नाव आहे ते. आणि अर्थ नाही?"

"तेच साबित करायचंय. विरोध नोंदवायची मुदत थोडी उरली आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून शपथेवर सांगायचं, शब्द कुणाचा, कधीपासूनचा, आणि अर्थ काय. एकच अर्थ पाहिजे, हाँ. चार लोकांचे चार झाले तर ते हसतील."

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य त्या फरशीवर मांडलं गेलं होतं. या चौघांनी माझा अर्थ सांगितला नाही, तर कागदोपत्री मी बिनबापाचा आणि बिनअर्थाचा ठरणार होतो. आणि ज्यांच्यासाठी मी जन्मलो त्या चांगदेवांचा मागमूसही उरणार नव्हता.

"लिही," धम्मदीना म्हणाली. "दमून आल्यावर जमिनीवर उताणं पडणे."

"ते तर कुत्रंही करतं, आत्या," संबोधी म्हणाली.

"मग तू सांग. तू तर फेमस आहेस."

"शांतता," ज्ञानदीप मध्येच म्हणाला. "शांतता लिही. चांगला शब्द आहे. चल, चहा टाक गं कोणीतरी."

"पप्पा, शांतता नाही. त्यात ते असतं ना, की कोणी काही…"

"गारवा लिही," धम्मदीना घाईनं म्हणाली. "फरशीचा गारवा. बाबांना गारवा आवडायचा."

मनीषची बोटं थांबली. तो याच गल्लीत वाढलेला, माझे नियम त्याला पाठ होते. सगळे कशाला तरी वळसा घालून चालले आहेत, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही. तो हळूच म्हणाला, "ठीक है, अर्थाकडे नंतर येऊ. हे सांगा, शब्द सतत वापरात होता ना? बीच में बंद तो नहीं हुआ? ते पहिलं हेच विचारतील."

"नाही," ज्ञानदीप म्हणाला.

"हो," संबोधी म्हणाली. "मी शाळेत होते तेव्हा कोणी नव्हतं म्हणत. मीच परत सुरू केला. पप्पा, का बंद झाला होता?"

ज्ञानदीप फरशीच्या सांध्यावर बोट फिरवत बसला. धम्मदीनानं पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला.

मित्रांनो, एक विनंती इथेच करून ठेवतो, कारण पुढे मला बोलायला जागा मिळेलसं वाटत नाही. आम्हा शब्दांना खुशाल उचला, मिरवा, विका. पण ज्या घरातून आम्हाला उचलता, तिथे एकदा जाऊन बसा. आम्ही तिथे काय काम करत होतो, ते समजून घ्या. आमच्यात नुसता गारवा नसतो.

"आंटीजी?" मनीष म्हणाला.

मीराबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"बंद झाला होता," त्या म्हणाल्या. "खोटं नको लिहू. ते गेले त्या दिवसापासून बंद."

"आई, राहू दे ना," ज्ञानदीप म्हणाला.

"किती राहू देऊ? तू होतास, ही धम्मदीना माहेरी आली होती, मी होते. सगळं घर होतं. ते आले, सदरा काढला, आडवे झाले. मी म्हटलं, पाठभुई. सगळे गप्प. पंख्याचं तोंड मीच फिरवलं. तू वळसा घालून बाहेर गेलास, वळसा घालून आत आलास. मी चहा झाकून ठेवला." त्यांनी संबोधीकडे पाहिलं. "एकटी ही बोलली. एवढीशी होती. म्हणाली, आजी, आजोबांना पंख्यासमोर घाम का येतोय? मी हिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, विचारायचं नसतं."

त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं.

"अर्थ हवा ना तुला, मनीष? लिही. कोणी काही विचारायचं नाही, हाच याचा अर्थ. फार गोड अर्थ होता, वर्षानुवर्षं त्यानं घर सांभाळलं. आणि त्या दुपारीही आम्ही तो नीट पाळला." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "विचारलं असतं, तर ते वाचले असते."