पूजेला बसलेले दोन पंखे

नळाला पाणी येणार म्हटलं की जिथली माणसं रजा टाकून घरी बसतात, त्या संभाजीनगरात सर्जेरावांच्या तनुजाला जहाजांचं वेड लागलं. आता हे वेड आलं कुठल्या वाटेनं, देव जाणे. घराण्यात कोणी समुद्र पाहिलेला नाही. आजोबा मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठापर्यंत जायचे आणि पाणी जरा जास्त दिसलं की मेंढरांसकट मागं फिरायचे. त्यांची ही नात इंजिनियर झाली आणि पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांत बसून बोटी बनवू लागली. एकदा तिची आई रत्नमालाबाई सकाळी चहाला पाणी काढायला गेल्या, तर पिण्याच्या ड्रमात हातभर लांबीची बोट भिरभिरत होती.

"आठ दिसाचं पाणी हाय ते!" त्या ओरडल्या.

"पाणी कुठं संपतंय आई? ती नुसती पोहायलीय," तनुजा म्हणाली.

सर्जेराव तेव्हा पोट धरून हसले होते. ते वाळूजला एका कारखान्यात फिटर. डोळे मिटून बोल्टावर अंगठा फिरवला तरी आटा डावा की उजवा हे सांगणारा माणूस. पोरीचे लाड करावेत तर यांनीच. मोठी बोट करायची ठरली तेव्हा तनुजानं आखून दिलेले, पाण्यात फिरून बोट ढकलणारे दोन पितळी पंखे त्यांनी घरी कानस मारून असे गुळगुळीत केले, की रत्नमालाबाई त्यात बघून टिकली लावायच्या.

गंमत संपली ती कोकणातून पत्र आलं तेव्हा.

तिथला एक जहाज कारखाना उथळ खाडीत चालणाऱ्या बोटी बांधायचा. उथळ पाण्यात एक मोठा पंखा खाली चिखलाला लागतो, म्हणून दोन छोटे लावावे लागतात, आणि दोन लावले की बॅटरी भसाभस संपते. नोकरीसाठी त्यांनी परीक्षाच घातली होती. आम्ही पाठवलेली सीलबंद बॅटरी, आम्ही सांगितलेलं वजन, पन्नास पावलांवर रोवलेले दोन बांबू आणि त्यांच्यामध्ये चाळीस फेऱ्या. सगळ्याचा व्हिडिओ सलग हवा, मधे कुठं तोडलेला चालणार नाही. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत ज्याचा व्हिडिओ येईल त्याची नोकरी पक्की.

तनुजाची बोट अडतिसाव्या फेरीला मान टाकायची. तिनं वजन पुढं सरकवून पाहिलं, मागं सरकवून पाहिलं, बोटीचं बूड मेण लावून चोळलं, तरी अडतीस म्हणजे अडतीस. पोरगी रडकुंडीला यायची आणि सर्जेराव तिच्या पाठीवर हात ठेवून "होईल गं" म्हणायचे. वरून म्हणायचे. आत मात्र दर वेळी बोट थांबली की त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरायचा.

पोरीला अपयश यावं असं वाटणारा बाप म्हणजे राक्षसच, हे त्यांनाही कळत होतं. पण सेकंड शिफ्ट करून आल्यावर दार उघडणारी तीच, भाकरी पुन्हा तव्यावर टाकणारी तीच, आणि जेवताना समोर बसून कारखान्यातल्या फालतू गोष्टी कान देऊन ऐकणारीही तीच. ती कोकणात गेली तर त्या गोष्टी सांगायच्या कुणाला? रत्नमालाबाई तर दुसऱ्या वाक्याला घोरायच्या. वाळूजमध्ये काय कंपन्या कमी पडल्या होत्या?

शेवटची चाचणी चितेगावला करायची ठरली. तिथं सर्जेरावांचे थोरले भाऊ मल्हारराव राहायचे, म्हातारी आई मंजुळाबाई त्यांच्याकडेच असायची, आणि मुख्य म्हणजे मल्हाररावांचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं काठोकाठ भरलेलं होतं. खंडेनवमीला सगळे तिथं पोचले. मंजुळाबाईंनी पूजा मांडली होती. विळे, कुऱ्हाड, मेंढरं कातरायची कात्री, सर्जेरावांनी आणलेले पान्हे. म्हातारीनं बोटीकडं बोट दाखवलं.

"तिचं हत्यार कुठाय?"

"आजी, बोटीला कसलं हत्यार?"

"जे पानी कापतं ते. काढ ते पंखे."

काढले. मंजुळाबाईंनी दोन्ही पंख्यांना हळद लावली आणि कुंकू असं सढळ हातानं लावलं की तनुजानं केलेल्या खुणा, उजव्याला लाल ठिपका आणि डाव्याला काळा, सगळ्या त्याखाली गडप झाल्या. वर म्हातारीचा हुकूम सुटला, "पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याला सकाळीच उठवायचं. तवर हात लावला तर बघा."

तिथंच सर्जेरावांच्या डोक्यात किडा वळवळला.

पंखे एकसारखे नव्हते, एकमेकांचे आरसे होते. मागून बघितलं तर उजवा घड्याळासारखा फिरायचा आणि डावा उलटा, म्हणजे दोघंही वरच्या अंगानं बाहेर फिरायचे. त्यांची अदलाबदल केली तर बोट पुढं जायच्या ऐवजी मागं जाणार. कुणी विचारलं तर कुंकवानं खुणा झाकल्या, हे कारण आयतंच तयार होतं. दसरा एवढा टळू दे, मग वाळूज आहेच.

दसऱ्याला सकाळी तनुजा बांबू रोवायला गेली आणि "पप्पा, तेवढे पंखे बसवता का?" म्हणाली. सर्जेराव बसले. उजवा डावीकडं गेला, डावा उजवीकडं गेला. पण जन्माची सवय कुठं जाते? दांड्यांना ग्रीस लावलं. पंखे डुगडुगत नाहीत ना, हे तीनदा हलवून पाहिलं. शेवटी आट्यांना तो पक्का धरणारा गोंद लावला. एकदा वाळला की गरम केल्याशिवाय सुटायचा नाही, असला. चोरी करायला गेला आणि घर झाडून आला, अशातली गत.

बोट पाण्यात सोडली. रत्नमालाबाईंनी मोबाईल धरला. मल्हारराव मोजायला बसले, कारण मेंढरं मोजून मोजून त्यांची मोजणी गावात प्रसिद्ध होती. वीस झाली की एक खडा खिशात, त्याला ते ईस म्हणायचे. "दोन इसा करायच्या ना? मग झालं," असं म्हणून त्यांनी ऐटीत दोन खडे शेजारी ठेवले. तनुजानं रिमोटचं बटण दाबलं. त्या रिमोटवर बोट सुरू करणं, बंद करणं आणि वळवणं, एवढंच होतं.

बोट फर्रकन मागं निघाली.

"आगं, ही तर मागं जायलीय!" मल्हारराव उभे राहिले. "मागच्या फेऱ्या वजा करायच्या का?"

तनुजानं घाईनं बटण बंद केलं. बोट तळ्याच्या मधोमध उभी राहिली. मंजुळाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "माझ्याच कुंकवानं घात केला गं बाई! देवा खंडेराया, पोरीचं वाटोळं केलं मी म्हातारीनं!"

तनुजा नुसती बोटीकडं बघत राहिली. तिचा खालचा ओठ थरथरला, अगदी शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकात थरथरला होता तसा. सर्जेरावांनी ते पाहिलं. वाळूज, कोकण, भाकरी, सगळं डोक्यातून उडून गेलं. हे मी केलं, एवढंच उरलं.

"थांब, मी आणतो!" म्हणत त्यांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक भावाच्या हातात कोंबलं आणि कपड्यांसकट तळ्यात उडी घेतली. बोट हाताला लागली. बाहेर येताना मात्र ओल्या प्लास्टिकवर पाय ठरेना. चार हात वर चढायचे, पाच हात खाली घसरायचे. हातात बोट डोक्यावर धरलेली, तोंडानं "मला राहू द्या, आधी बोट घ्या!" मल्हारराव दोर ओढता ओढता हसून हसून स्वतःच आत पडायला आले. शेवटी रत्नमालाबाई पदर खोचून दोराला लागल्या, एका हातानं मोबाईल धरूनच, तेव्हा कुठं सर्जेराव काठावर आले.

तनुजानं बोट उलटी केली. पंखे पाहिले. एक हलवून बघितला, हलला नाही. मग तिनं बापाकडं पाहिलं. सर्जेरावांच्या मिशीतून पाणी गळत होतं.

"पप्पा, गोंद लावलाय?"

"व्हय," ते पुटपुटले. "लई पक्का बसलाय. सुटायचा नाय आता."

"बरं." ती वाकली, बोटीचं झाकण उघडलं आणि दोन्ही मोटारींच्या तारा सोडवून उलटसुलट जोडल्या. "पंखे उलटे, तर मोटारी पण उलट्या. जाईल की पुढं."

"पर मग पहिल्यासारखंच झालं ना?" मल्हाररावांनी विचारलं. "अडतीसच."

"काय माहीत काका. आता दोघं आतल्या अंगाला फिरतील. पुस्तकात बहुतेक बाहेरचंच दिलंय, म्हणून मी हे कधी करून बघितलंच नाही."

बटण दाबलं. बोट पुढं निघाली.

सुरुवातीला कुणाला काही कळलं नाही. मग तनुजा काठावर गुडघे टेकून बसली आणि बोटीमागच्या पाण्याकडं एकटक बघू लागली. एरवी तिथं पाणी पिळवटून निघायचं, भोवरे सुटायचे. आज ते बरंचसं सपाट सुटत होतं.

"बघा, बघा!" तिनं सर्जेरावांचा ओला दंड घट्ट धरला. "बुडाखालचं पाणी मागच्या अंगानं वर येतं ना, आतल्या बाजूला जास्त. आधी आतली पाती पण वरच जायची, त्या पाण्यासोबत. आता ती वरून खाली येते, थेट त्याच्या समोर! पळणाऱ्याच्या मागं धावून टाळी देता येते का? समोरून आला तरच बसते. पप्पा, टाळी बसायलीय!"

"एक ईस!" मल्हाररावांनी खडा खिशात टाकला.

सर्जेराव आता वेगळ्याच माणसासारखे वागत होते. बोट वळली की स्वतः वळायचे. बांबूपाशी आली की "आत घे, आत घे" म्हणून ओरडायचे. "देवा, माझ्या पापाचं तिला लागू देऊ नको," असं त्यांनी मनात म्हटलं, आणि बहुतेक ते मोठ्यानं म्हटलं गेलं, कारण मंजुळाबाईंनी वळून पाहिलं.

पस्तीस झाल्या. छत्तीस. सदतीस. अडतिसावी आली तेव्हा मल्हाररावांची मोजणी कुजबुजीवर उतरली आणि मंजुळाबाईंनी डोळे गच्च मिटले. बोट बांबूपाशी आली, वळली आणि काहीच झालं नाही. नेहमीसारखी निघाली.

"एकुनचाळीस," मल्हारराव म्हणाले, आणि थोड्या वेळानं तळं दणाणून सोडत, "दोन इसाऽऽ!"

मग जे झालं त्याला नाव नाही. म्हातारीनं बोटीच्या दिशेनं हळदीकुंकवाची अख्खी वाटी उधळली. मल्हाररावांनी फेटा हवेत फेकला, तो तळ्यात पडला आणि बोट त्याला वळसा घालून गेली. सर्जेराव ओल्या धोतरासारख्या चिकटलेल्या पँटीत असे नाचले, की एक बूट सुटून त्या फेट्याच्या सोबतीला गेला. बोट चालतच होती.

नाचता नाचता ते मधेच थांबले. एवढा आनंद चोरून खाणं त्यांच्यानं होईना.

"तनू," ते म्हणाले, "कुंकवाची चूक नव्हती गं. मी मुद्दाम उलटे बसवले. तू जाऊ नये म्हनून."

मंजुळाबाईंचा हात हवेतच राहिला. तनुजा मात्र बोट वळवत होती. बोट नीट वळली, मग ती म्हणाली, "माहीताय मला."

"कवापासून?"

"बोट उलटी करून बघितली तवापासून. आटा डावा की उजवा, यात तुमच्या हातून चूक? कुंकू काय, शेण फासलं असतं तरी तुम्ही ओळखला असता."

"मग बोलली का नाहीस? चिडली का नाहीस?"

"चिडणारच होते." तिनं बोट पुढच्या बांबूकडं धरली. "पण दांड्यांना ग्रीस लावलेलं दिसलं. पप्पा, बिघडवायला बसलात आणि ग्रीस लावलंत? असल्या माणसावर चिडायचं कसं?"

सर्जेरावांना हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्हींत जे आधी बाहेर पडलं ते कुणालाच ओळखता आलं नाही. मंजुळाबाईंनी पुढं होऊन त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच त्याच जागी हात फिरवला. "दसऱ्याला शीव वलांडायची असती सर्ज्या, अडवायची नसती," ती म्हणाली.

"अजून दोन झाल्या," मल्हाररावांनी कळवलं. त्यांनी तिसरा खडा शोधायला घेतला होता.

"बोला की अजून," रत्नमालाबाई मोबाईलच्या मागून म्हणाल्या. "चालूच हाय. तोडायचा नाय म्हनलेत ना ते?"

सगळ्यांनी मोबाईलकडं पाहिलं. मग तनुजा जी हसत सुटली ती काठावर आडवीच झाली. ते सगळं कोकणात जाणार होतं. घसरगुंडी, फेटा, बूट आणि बापाचा कबुलीजबाब, सगळं.

बोट शेवटी थांबली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तनुजानं डोळे पुसले, केस बांधले आणि म्हणाली, "आता कोकणात जायचं कसं, ते बघावं लागंल. इथून सरळ गाडी तरी असती का?"

"नसती," सर्जेराव पटकन म्हणाले. ते एका पायात बूट घालून पँट पिळत होते. "मध्यवर्ती स्टँडवरून सकाळची पुण्याची गाडी धरायची. स्वारगेटला बदलायची. डाव्या अंगाची खिडकी घे, घाटात ऊन लागत नाय."

तनुजा त्यांच्याकडं बघतच राहिली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इचारून ठेवलं व्हतं," ते खाली मान घालून म्हणाले. "पत्र आलं त्याच दिशी."